नाकसाहेबांचं पिंप

सत्तावीस नंबरच्या पिंपातली माल्ट व्हिस्की ग्लासात पडली, सूनबाईने नाक जवळ नेलं, आणि श्वास घेतला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

सडक्या कोबीचं पाणी, आणि त्यावर ओलसर काडेपेटी. व्हिस्कीचा रंग मात्र असा, की दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं आणि ग्लासातच आडवं झालं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

टेबलाच्या पलीकडे तिचे सासरे बसले होते. सगळं गोदाम त्यांना नाकसाहेब म्हणत असे. त्यांच्या नाकाने हो म्हटल्याशिवाय तीस वर्षांत इथून एक बाटली बाहेर गेली नव्हती. हे पिंप त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतःच्या हातांनी भरलं होतं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार, तेव्हा त्यांच्या सहीच्या बाटल्यांत उतरायचं होतं ते हेच. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, आणि काठावरून समोर कुठेतरी बघत राहिले. जुना मित्र भेटल्यासारखं मंद हसू होतं चेहऱ्यावर.

सूनबाईला मात्र ठाऊक होतं. थंडीतल्या तापाने ते नाक कधीच नेलं होतं. मागच्या आठवड्यात घरी दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि हे शेजारीच निवांत पेपर वाचत बसले होते. तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता मूठ उघडायची वेळ आली होती. इथली रीत अशी, की वास घेणाऱ्या दोघांनी एकमेकांशी न बोलता चिठ्ठी लिहायची. जुळल्या तर निकाल पक्का. नाही जुळल्या तर मालकांना बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर दोघांनी डोळ्यांवर पट्टी बांधून अनोळखी ग्लास ओळखून दाखवायचे.

"लिहा की, नाकसाहेब," दारात खडू घेऊन उभा असलेला गोदामवाला म्हणाला. "लेकीला सासरी पाठवताय का पिंपाला?"

"लेक रडते तरी," नाकसाहेब म्हणाले. "हे नुसतं बघतंय."

सूनबाईने पेन्सिल टेकवली. एक खोटा शब्द लिहिला की म्हाताऱ्याची अब्रू वाचत होती. तिने 'उत्तम'मधला 'उ' काढलासुद्धा. मग तिला त्या बाटल्या दिसल्या, कुणाकुणाच्या घरी, कुणाच्या वाढदिवसाला उघडलेल्या, आणि नाकं मुरडून लेबलावरची सही वाचणारी माणसं. तिने 'उ' खोडला. 'बिघडलं. भरू नये,' असं लिहून चिठ्ठीची घडी घातली, आणि तिला सासऱ्यांकडे बघवेना.

गोदामवाल्याने आधी तिची चिठ्ठी उघडली आणि त्याचं तोंड उतरलं. मग नाकसाहेबांची. ती त्याने दोनदा वाचली.

"बिघडलं. ओतून द्या," तो हलकेच म्हणाला. "जुळलं की हो दोघांचं." आणि पिंपावर फुली मारायला निघून गेला.

खोलीत लाकडाचा आणि माल्टचा गोडसर वास तरंगत होता. या खोलीत बसलं की दुपार नेहमी जरा जास्त लांबायची.

"बाबा," सूनबाईने विचारलं. तिला एकदम आशा वाटली होती. "वास आला तुम्हाला?"

"छे गं. नळाचं पाणी हुंगल्यासारखं."

"मग?"

"तुझं तोंड बघितलं. गंधक आलं की तुझी डावी भुवई वर जाते. मध आला की ग्लास ओठाला लागायच्या आधीच आवंढा गिळतेस. थंडीपासून तुझ्या तोंडावरूनच लिहितोय मी."

तिला रागच आला. "म्हणजे चिठ्ठ्या दोन आणि नाक एकच! माझं चुकलं असतं तर?"

"तेच तर. म्हणून आत्ता मालकांकडे जाऊन सगळं सांगून येतो." ते टेबलावर बोट फिरवत राहिले. "तुझी पेन्सिलही दिसत होती मला. 'उ' खोडलास, तेव्हा ठरवलं. खोडला नसतास, तर मीही तसंच लिहिलं असतं बघ. आणि गेलो नसतो."

 तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही, डोळे मात्र भरून आले. नाकसाहेबांनी झाकून ठेवलेला, त्यांच्या जुन्या ओळखीच्या पिंपातला शेवटचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"जायच्या आधी एवढा एक. काय येतं, सांग मला."

या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. ती ग्लासावर वाकली.

"धूर. लांब कुठेतरी पाला पेटवलाय."

"पुढे?"

"ओला दोरखंड. खारट वारा."

"हं. हळू. पुढे?"

"मेण. भाजलेला पाव." ती थांबली. डोकं हलकं झालं होतं, बाहेरचे आवाज कुठल्या कुठे गेले होते. "आणि जर्दाळू. पिकलेला."

नाकसाहेबांचे ओठ हलले, काहीतरी चघळत असल्यासारखे.  मग त्यांनी मान हलवली.

"जर्दाळू खाऊन झाला, बाळ. कुणीतरी आता बी फोडलीय."

तिने पुन्हा ग्लास नाकाशी नेला. जर्दाळू संपला होता. अगदी खाली, तळाशी, नुकती फोडलेली कडसर बी होती.