तालमीत न म्हटलेलं वाक्य

लव्हिनिया टटल तिसऱ्यांदा शेवटच्या वाक्यापाशी थांबली आणि नुसतं "टँटँ टँटँ" करून मोकळी झाली.

"विसरलात?" तरुण दिग्दर्शक हॅलोरननं विचारलं.

"तोंडपाठ आहे. पण शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नसतं. म्हटलं की खेळ पडतो."

"बाई, हे हॉलिवुड आहे. नाटक नाही, बोलपट आहे. आवाज मोजायचाय. वाक्य म्हणा, नाहीतर याच भूमिकेसाठी बाहेर क्रॅबबाई बसल्यात तयार."

तीस वर्षं लव्हिनियानं रंगमंचावर खाष्ट घरमालकिणी गाजवल्या, मग दहा वर्षं मूकपटात नुसते ओठ हलवले. तिचे विनोद पडद्यावर मध्येच झळकणाऱ्या पाटीवर छापून यायचे. आज पहिल्यांदा तिचा स्वतःचा आवाज लोकांपर्यंत पोचणार होता. ही भूमिका तिला काही केल्या हवी होती.

"आवाजच ना? घ्या मोजून." मग त्या शेवटच्या वाक्याच्याच ठेक्यात, त्याच पट्टीत ती म्हणाली, "काल मिसरूड फुटलं आणि आज मला कुठं थांबायचं ते शिकवतोय."

सेटवर हशा पिकला. काचेआडून ध्वनिमुद्रकानं अंगठा वर केला. हॅलोरनचे कान लाल झाले.

"एकदाच घेणार. फसलं तर क्रॅबबाई. आणि लाल दिवा लागल्यावर कुणी शिंकायचंसुद्धा नाही. माइक सगळं ऐकतो."

लाल दिवा लागला. नुकतंच लग्न झालेलं भाडेकरू जोडपं दारात उभं राहिलं. लव्हिनियानं दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि राखून ठेवलेलं वाक्य टाकलं.

"भांडाल तेव्हा जरा मोठ्यानं भांडा. हल्ली भिंतीपलीकडचं मला नीट ऐकू येत नाही."

कुणी हूं की चूं केलं नाही. नियम तिला ठाऊक होता, पण कानांना कोण सांगणार? हशा नाही म्हणजे वाक्य पडलं, एवढंच त्यांना कळत होतं. तरी हशा ओसरेपर्यंत थांबायच्या जुन्या सवयीनं ती चेहरा तसाच धरून थांबली.

मग तिची नजर कॅमेऱ्याची घरघर कोंडणाऱ्या बंद खोक्याशेजारी गेली. हॅलोरन गुडघ्यांवर बसला होता. टाय दातांत घट्ट धरलेला, खांदे हसण्यानं गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. 'कट' म्हणायला त्याला तोंड उघडता येत नव्हतं.