विवराची खोली

जूनच्या उन्हात आम्ही तिघं मित्र क्रासच्या चुनखडीच्या पठारावर गावोगाव पायी फिरत होतो. तिसऱ्या दिवशी एका जुन्या गावाबाहेर जमिनीत सरळ खाली उतरलेलं विवर लागलं. गोराज्दने आत दगड टाकला आणि तो आपटेपर्यंत मोठ्याने आकडे मोजले.

"तीनच? हट्, तुला टाकताच येत नाही!" म्हणत बोरुतने दोन्ही हातांनी धोंडा उचलला.

शेजारी चेरी तोडणारी म्हातारी हातातली टोपली खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "आजी, फार खोल आहे का हो हे?"



"फार नाही रे बाळा," ती म्हणाली. "महायुद्ध संपलं त्या उन्हाळ्यात माझ्या भावाला यात ढकललं, तर दोन दिवस त्याच्या हाका घरापर्यंत येत होत्या."