नववा ट्रे

किमयाने फोमचा ट्रे पिशवीतून काढून चंद्रावती मॅडमच्या टेबलावर ठेवला. रोह्याच्या त्या कंपनीत मोजमापाची उपकरणं बनत. ती पेटीत हलू नयेत म्हणून त्यांच्याच आकाराचे खड्डे कोरलेला फोम लागे. तो किमया पेणच्या गाळ्यात मशीनवर कापायची आणि तिचा थोरला भाऊ विशाल नमुने इथे आणायचा. आठ नमुने नापास झाले होते. नववा ती स्वतः घेऊन आली होती. सकाळपासून विशालचा फोन लागत नव्हता आणि तिला धीर धरवत नव्हता.

मॅडमनी खड्ड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"फोमचा एक केस नाही निघालेला. कसं जमवलंत?"

"शेवटचा फेरा अगदी हलका घेतला, मॅडम. उलट्या दिशेनं." किमयाला हसू आवरेना.

"मग सगळा माल असाच पाठवा. सांगा विशालना."

"माल?" किमया म्हणाली. "आमचे नमुने तर नापास होतायत ना?"

"तिसराच पास झाला की. पाच महिने माल येतोय." मॅडमनी कपाट उघडून एक ट्रे बाहेर काढला. "तुमचे नमुने सुरेख असतात. माल मात्र असा पिंजलेला. तक्रार केली की विशाल पुढच्या महिन्यात आणखी चांगला नमुना आणून दाखवतात."

उपकरण बोटाने उचलता यावं म्हणून खड्ड्याच्या बाजूला एक अर्धगोल खाच होती. ती किमयाने सुचवलेली. ट्रेच्या पाठीवर चिकटपट्टी होती. विशाल फोम, रोहा.

दर वेळी विशाल तोंड पाडून परत यायचा. "नापास. ह्या टायमाला काय बदललंस ते लिहून दे, सायबांना दाखवतो." ती लिहून द्यायची. टूल कुठलं, फिरण्याचा वेग किती, पुढे सरकण्याचा किती. पाचव्या नमुन्यानंतर ती रडली होती. आता पुरे, म्हणाली होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "तुझ्या हातात कला हाय. सोडू नको."

"त्यांचा गाळा स्टेशनच्या पलीकडेच आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हय," किमया म्हणाली आणि टेबलावरचा ट्रे उचलून परत पिशवीत घातला.

गाळा शोधायला वेळ लागला नाही. शटर अर्धं वर होतं. आत मशीन होतं, तिच्या मशीनपेक्षा मोठं, आणि बंद. विशाल नव्हता. भिंतीशी ट्रेंचा ढीग होता आणि ढिगापुढे गोणपाटावर आई बसली होती. नखं कापायच्या कातरीने ती एकेका कडेचे केस छाटत होती.

आई दर सोमवारी रोह्याला मावशीकडे जायची. गुडघ्याला तेल लावून घ्यायला, चार दिवस. तिच्या पिशवीत भाकऱ्या किमयाच बांधून द्यायची.

आईने वर बघितलं. कातर थांबली. मग तिने दोन ट्रे बाजूला सरकवून जागा केली.

"ये गो. बस. जेवलीस का?"

"तुला ठाव होतं."

"तो बोलला, तिला इतक्यात सांगू नको. पास झालं म्हटलं तर तिचं कामात मन लागायचं नाय."

किमया उभीच राहिली.

"अशी बघू नको," आई म्हणाली. "उद्या तुझं लगीन होईल. तू जाशील दुसऱ्याच्या घरी. त्याला दोन पोरं हायत."

"आणि मी?"

आईने ट्रे तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. पांढरा भुसा उडून तिच्या केसांत बसला. तिने कातर खाली ठेवली, अंगठा चोळला. कातरीच्या कडीने तिथे फोड आला होता, फुटून लाल झालेला.

"दोनशे करायचेत उद्यापर्यंत," ती म्हणाली. "हे केस कशानं जातात गो? माझी बोटं गेली कामातनं."

किमया वाकली. आईचा हात हातात घेऊन तिने तो फोड नीट बघितला. मग हात अलगद तिच्या मांडीवर परत ठेवला.

"होईल सवय," ती म्हणाली आणि शटरखालून बाहेर पडली.