सलग अनुभव

“तीन महिन्यांत नोकरी सोडली?” भूपेंद्र सरांनी बायोडाट्यावर बोट ठेवलं. ते वर्ध्याच्या एका खासगी सूतगिरणीचे एचआर मॅनेजर. समोरच्याची दुखरी जागा त्यांच्या बोटाला आपोआप सापडायची.

ज्योत्स्ना खुर्चीच्या काठावर बसली होती. ती केळझरहून सकाळच्या एसटीनं आली होती.

“टाइल्सच्या शोरूममध्ये होती, सर. मालक रात्री-बेरात्री फोन करायचे. काम नसताना.”

“तरी टिकायला हवं होतं.”

टिकणं ही सरांची आवडती गोष्ट. फोन कोण करतो आणि कशाला, ही किरकोळ बाब.

मग प्रवचन सुरू झालं. आजची पिढी धरसोडीची. घरी बसलेलं एक वर्ष म्हणजे चारित्र्यावरचा डाग. सकाळपासून त्यांनी या डागापायीच उमेदवार परत पाठवले होते. त्यातली एक तर चक्क बाळंतपणासाठी थांबली होती. एवढा मोठा गुन्हा करून बाई वर नोकरी मागायला आली, याचं सरांना अजून नवल वाटत होतं.

“मी स्वतः आयुष्यात एक दिवस घरी बसलेलो नाही,” ते म्हणाले.

ज्योत्स्ना दोन वर्षं घरी होती. वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं तीच करायची. वडील गेले, आणि आता तिच्या पगाराशिवाय घर चालणार नव्हतं. जिथे जिथे तिनं हे खरं सांगितलं, तिथून ‘कळवतो’ एवढंच ऐकून ती परतली. शेवटी बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेवाल्या प्रफुलनं ती दोन वर्षं बुजवून दिली.

“घरी होती असं कोनी लिहिते का, ताई?” तो म्हणाला होता. “हे घ्या, धनवंत ट्रेडलिंक, नागपूर. लेटरहेड आहे, शिक्का आहे. कंपनीच तेवढी नाई.”

बायोडाट्यातली ती ओळ आली तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते थेट शेवटाकडे गेले.

“उत्तम. आम्हाला अशीच सलग अनुभवाची माणसं हवीत. सोमवारपासून या. आणि एक लक्षात ठेवा, या टेबलावर फक्त खरं चालतं.”

ज्योत्स्ना उठली. नोकरी लागली होती. आईला फोन करायचा, पेढे घ्यायचे आणि घर गाठायचं, एवढंच बाकी होतं. पण दारापाशी तिचे पाय अडले. त्या दोन वर्षांत तिनं बापाला भरवलं होतं, त्याची कूस बदलली होती. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिनं तेव्हाच केलं होतं. ते एका खोट्या शिक्क्याखाली गाडायचं, याची तिला आता लाज वाटली. आणि समोर एवढा खऱ्याचा भोक्ता माणूस बसलेला. ती परत टेबलापाशी आली.

“सर, ते धनवंत ट्रेडलिंक खोटं आहे,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली. “अशी कंपनीच नाई. मी दोन वर्षं घरी होती, बाबांजवळ. नोकरी द्यायची असन तं हे धरून द्या.”

भूपेंद्र सरांचा चेहरा पांढरा पडला. बाजूच्या केबिनमध्ये गिरणीचे शेठजी बसले होते आणि मधलं दार सताड उघडं होतं. सर धडपडत उठले. त्यांनी ते दार लोटलं, कडी घातली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. परत आले तेव्हा त्यांची शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली होती.

“हळू बोला न बाई,” ते कुजबुजले. “सहा वर्षं मॅनेजर होतो ना मी तिथं!”