नवमीच्या अक्षता

“आई, माझ्या इंजिनात तांदूळ कोणी घातला?” निशिकांत एवढ्या जोरात ओरडला की खिडकीतलं कबूतर उडालं. त्याचं मॉडेल विमान मात्र जागचं हललं नाही.

“तांदूळ काय म्हणतोस? अक्षता आहेत त्या. खंडेनवमी आहे आज, घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. मिक्सरलाही वाहिल्या. तो नाही ओरडला!”

निशिकांतच्या डोक्यात तिडीक गेली. सुट्टीचा अख्खा आठवडा घालवून त्याने ते मुठीएवढं फोर-स्ट्रोक इंजिन खोलून, घासून, पुन्हा जोडलं होतं. उद्या दसऱ्याला मैदानावर विमान उडालं नाही, तर मेव्हणा वर्षभर त्याला ‘पायलटसाहेब’ म्हणणार होता. दात-ओठ खात त्याने पुन्हा सिलिंडर खोलला.

आत तीन अक्षता होत्या आणि पिस्टनची पिन जागेवर धरून ठेवणारी क्लिप नव्हती. ती बसवायला तो विसरलाच होता. तसंच सुरू केलं असतं, तर पहिल्याच मिनिटाला इंजिनाचा भुगा झाला असता.

क्लिप बसवताना तो आणखीच चिडला.

“निघाल्या का रे?” आईने विचारलं.

“निघाल्या! पुढच्या वर्षी मला विचारून घाल!”

“म्हणजे घालायच्या तर,” आई मिक्सरला म्हणाली.