पाय टेकला तर

सतराव्या वळणावरही ताई सायकलवरून उतरली नाही, आणि मागून येणाऱ्या ढब्बूनं कठड्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

घाटाला एकवीस वळणं होती. प्रत्येक वळणावर कठड्यावर आकडा रंगवलेला. ढब्बू सत्तावन्न वर्षांचा, ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. आठ दिवस बहीणभाऊ डोंगरातून सायकली हाणत होते. आज नववा दिवस, सगळ्यात उंच खिंड, आणि पैज.

पैज ताईचीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दुखणं परत आलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात दुसरं करू, अजून आशा आहे. ताई म्हणाली, पुरे झाली चिरफाड. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेली बाई ती. डॉक्टरांपेक्षा तिचा स्वतःच्या पायांवर विश्वास. पाय न टेकता खिंड चढले तर ऑपरेशन नाही, असं तिनं ठरवून टाकलं. वाटेत पाय टेकला, तर ढब्बू म्हणेल त्या दिवशी दवाखान्यात. ढब्बूनं टाळी दिली. दुसरं काय करणार होता? आईवडील गेले, बायको सोडून गेली. ढब्बू म्हणून हाक मारणारं एवढं एकच माणूस त्याला उरलं होतं.

म्हणून आज सकाळी त्यानं नको ते केलं. ताई आंघोळीला गेली तेव्हा लॉजच्या खोलीत, काल ओढ्यातून उचलून आणलेले चार दगड त्यानं तिच्या सायकलच्या पिशव्यांत घातले. दोन डाव्या पिशवीत, दोन उजव्या. आवाज नको म्हणून आपल्या जुन्या बनियनांत गुंडाळून, अगदी तळाशी. ढब्बू तीस वर्षं पार्सल ऑफिसच्या काउंटरवर होता. वस्तू हातात घेऊन तो वजन सांगायचा, काटा नंतर तेच सांगायचा. सहा किलो. एवढ्या चढाला रग्गड. ताई आवरून आल्यावर तो लॉजचं बिल भरायला खाली गेला. बाहेर सायकलींपाशी आला तोवर ताईनं दोन्ही सायकलींना पिशव्या अडकवूनही टाकल्या होत्या.

पण ही बाई उतरेच ना! अठरावं वळण गेलं. उलट ढब्बूचीच सायकल जागची हलत नव्हती. भीतीनं पाय गळालेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

"काय रे ढब्बू, धापा कसल्या टाकतोयस?" ताई मागे न बघता ओरडली. "पोट खाली ठेवून यायचं होतंस!"

तिचा आवाज मात्र फाटला होता. एकोणिसाव्या वळणावर तिची सायकल रस्ताभर वेडीवाकडी जायला लागली. टेक गं बाई, टेक एकदाचा पाय, असं ढब्बू मनात म्हणत होता. आणि त्याला रडूही येत होतं, कारण ताईनं आजवर एकही शर्यत अर्धी सोडलेली नव्हती.

विसाव्या वळणापाशी तिची सायकल थांबली. ताईनं डावा पाय टेकला. मग उजवा. मग ती कठड्याला पाठ लावून रस्त्यावरच बसली. वर खिंडीतली पाटी दिसत होती.

"हरले," ती म्हणाली. "लाव फोन."

ढब्बूनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. सोमवार, सकाळी आठ. फोन ठेवला आणि त्याला हसू फुटलं. लगेच लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बहिणीला त्यानं फसवून हरवलं होतं. पण सहा किलो ओझं घेऊन, त्या दुखण्यासकट, ताई वीस वळणं आली होती! दगड नसते तर ती गाणं म्हणत वर गेली असती. एवढी ताकद असलेलं शरीर ऑपरेशन आरामात सोसेल. ताई जगणार, असं दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं.

आता दगड तेवढे गुपचूप दरीत टाकायचे. टॉवेल काढायच्या निमित्तानं तो तिच्या सायकलपाशी बसला. पिशवीत हात घातला. टॉवेल, रेनकोट, गोळ्यांची डबी. दुसऱ्या पिशवीत एक स्वेटर आणि दोन कपडे. त्यानं दोन्ही पिशव्या सोडवून हातात तोलल्या. मिळून तीन किलोसुद्धा नव्हत्या. त्याचा हात कधी चुकत नसे.

"तुझ्या पिशव्यांत बघ," ताई डोळे मिटूनच म्हणाली.

चारही दगड तिथे होते. त्याच्याच बनियनांत गुंडाळलेले.

"लहानपणापासून रडीचा डाव तुझा. म्हटलं, तुझं ओझं तुला." ती हसायला गेली, पण दम पुरला नाही.

ढब्बू तिच्याशेजारी रस्त्यावर बसला. "ताई, सोमवारी..."

"जाऊ की. पैज म्हणजे पैज." तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. "पण दगडांनी नाही हरवलं रे मला, ढब्बू. मी रिकामीच चढत होते."