पद्मजाताई गेल्या

हिंगोलीत ग्रंथपालांची परिषद भरली होती. विषय होता, 'आलेली माहिती तपासावी कशी?' मुख्य भाषण हट्ट्याच्या पद्मजाताईंचं, म्हणून वसमतचे ग्रंथपाल सूर्यकांतराव आठवडाभर आतल्या आत जळून राहिले होते. "दरसाली हीच बाई! आमी काय नुसती धूळ झटकायची?" असं बायकोपाशी करवादून झालं.

परिषदेच्या सकाळी त्यांनी आयोजकांच्या ग्रुपवर थाप ठोकली, 'पद्मजाताई गेल्या. त्यांच्या जागी मी बोलतो.' लिहायचं होतं 'पुण्याला गेल्या', पण घाईत पुणं राहून गेलं.

नवा कोट चढवून साहेब सभागृहात पोचले, तर व्यासपीठावर ताईंचा हार घातलेला फोटो, आणि झाडून सगळे ग्रंथपाल मान खाली घालून उभे. अध्यक्षांनी डोळे पुसत माईक पुढं केला. "बोला सर, तुमीच बोलतो म्हणले होते. ताईंचे गुण सांगा."

खरं सांगावं तर थाप उघडी पडणार. सूर्यकांतराव दातओठ खात ताईंची हुशारी वाखाणू लागले. ते जितके अडखळत, तितके लोक हुंदके देत. "बघा, किती जीव होता सरांचा!"

तेवढ्यात हट्ट्याच्या बसमधून उतरून पद्मजाताई दारात आल्या. त्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, शेजारच्याकडून सगळं ऐकलं आणि सरळ वर जाऊन सूर्यकांतरावांच्या हातातला माईक घेतला.



"एवढे तपासणारे बसलेत, अन् एकालाही 'कुठं गेल्या?' असं विचारावं वाटलं न्हाई व्हय?"